वाचलेल्या माणसाच्या घरी डबा कोण नेणार?

मागच्या महिन्यात एका लग्नात जेवताना आमच्या टेबलावर वाद पेटला. लांबच्या नात्यातल्या एका कॉलेजच्या मुलीने जीव द्यायला घरातल्याच गोळ्या घेतल्या होत्या, वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून वाचली, पाचव्या दिवशी घरी आली. एक बाजू म्हणत होती की हे सगळं लक्ष वेधायला असतं, आजकालच्या पोरांना 'नाही' ऐकायची सवयच नाही, आता सगळे धावत विचारपूस करायला गेले की ती डोक्यावर बसेल, चार दिवस दुर्लक्ष करा, आपोआप ताळ्यावर येईल. दुसरी बाजू तितक्याच जोरात म्हणत होती की आईबापांनीच मार्कांसाठी तिचा जीव नकोसा केला असणार, आधी त्यांना जाब विचारा. अर्धा तास हे चाललं. त्या अर्ध्या तासात एकाही माणसाने विचारलं नाही की त्यांच्या घरी आत्ता सोबतीला कोण आहे, रात्री जागतंय कोण, तिच्या धाकट्या भावाला डबा कोण करून देतंय.

मला या वादाचा राग येतो तो यासाठी की दोन्ही बाजू एकच चूक करतात. दोघांनाही निकाल द्यायचाय, एकाला मुलीवर, दुसऱ्याला आईबापांवर. माझं म्हणणं सरळ आहे. कोणी गोळ्या घेतल्या आणि वाचला, तर पुढचे तीन-चार महिने त्या माणसाला आणि त्याच्या अख्ख्या घराला सोबत लागते, आणि ती देणं हे नातेवाईकांचं, शेजाऱ्यांचं काम आहे, जसं मयतीला जाणं आपलं काम आहे असं आपण न सांगता मानतो तसंच. कारण काय होतं, चूक कोणाची होती, हे सगळं नंतर. आणि त्यातलं बरंचसं आपल्याला कळायची गरजही नसते.

हे मी पुस्तकातून काढून बोलत नाहीये. दीड वर्षापूर्वी माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, गोळ्या घेतल्या. त्याला विचारूनच हे लिहितेय, गाव आणि नाव नको म्हणाला, म्हणून ते नाही. रात्री अकराला वहिनीच्या लक्षात आलं. जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं तर तिथे दारातच सांगितलं, ही पोलीस केस आहे, आम्ही घेत नाही, सिव्हिलला न्या. त्यात पाऊण तास गेला. सिव्हिलला पोट धुतलं, सलाईन लावलं, चार दिवस ठेवलं. आणि त्या चार दिवसांत मावशीने सगळ्या नात्यागोत्यात सांगितलं की लग्नाचं जेवण बाधलं, फूड पॉयझनिंग झालं. मलासुद्धा तेच सांगितलं. मला खरं कळलं ते नऊ दिवसांनी, मी मोसंबी घेऊन गेले तेव्हा. दादाची सात वर्षांची मुलगी दारातच म्हणाली, आत्या, आमच्याकडे आता गोळ्यांना कुलूप आहे.

आपल्याकडे प्रत्येक प्रसंगाला एक रीत आहे. कोणी गेलं तर त्या घरात चूल पेटत नाही, पिठलं-भात शेजारून येतो, दहा दिवस कोणी ना कोणी येऊन बसतं, काय बोलायचं सुचलं नाही तरी बसतं. बाळंतिणीला डिंकाचे लाडू जातात. बायपास झाली तर अर्धा गाव सफरचंदं घेऊन दवाखान्यात. या रीती कोणी फार विचार करून पाळत नाही, त्या असतात म्हणून पाय आपोआप वळतात. आणि गोळ्या घेऊन वाचलेल्याच्या घरी? तिथे जावं की न जावं इथूनच सुरुवात. गेलं तर काय विचारायचं? न विचारता कसं बसायचं? शेवटी आपण जात नाही, आणि मनाची समजूत घालतो की त्यांना संकोच वाटेल. तेरा दिवस माणसांनी भरलेलं घर आपण मेलेल्यासाठी करू शकतो, मग वाचलेल्यासाठी का नाही?

आता समोरून जे मुद्दे येतात ते फालतू नाहीत, हे आधीच कबूल करते. पहिला, लपवण्याचा. मावशी चुकीची होती का? तिच्या जागी उभं राहून बघा. बाहेर कळलं की नोकरीच्या ठिकाणी कुजबुज सुरू होते, घरात लग्नाची मुलगी असेल तर स्थळं येणं थांबतं, 'त्यांच्याकडे डोक्याचं आहे' हे वाक्य दोन पिढ्या मागे लागतं. हे खोटं नाही, मी डोळ्यांनी बघितलंय. शिवाय गोष्ट दादाची आहे, ती चारचौघांत सांगायची की नाही हे ठरवायचा हक्क त्याचाच, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क दिलाय तो उगाच नाही. त्यामुळे सगळ्यांना सगळं सांगा, लाजू नका वगैरे जे भाषणात म्हणतात ते मी म्हणणार नाही.

पण खाजगी ठेवणं आणि कोंडून ठेवणं यात फरक आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता तेव्हा रँडच्या हुकुमाने गोरे शिपाई घराघरात घुसून झडत्या घेत होते, रुग्ण दिसला की उचलून नेत होते, सामान जाळत होते. लोकांनी काय केलं? आजारी माणसं लपवली. शहाणी, प्रेमळ माणसं होती ती, आपल्या माणसाला वाचवायलाच लपवत होती, आणि त्या लपवण्यात रोग आणखी पसरला, माणसं विनाउपचार गेली. त्याच वर्षी त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात गेल्या आणि त्याच आजाराने १० मार्चला वारल्या. रोग एकच, साल एकच. जिथे धाक होता तिथे दार बंद झालं. जिथे कोणीतरी आपलं माणूस समजून उचलायला आलं तिथे उघडलं. घर दार लावून घेतं तेव्हा घराला शिव्या देऊन उपयोग नाही, बाहेर उभं कोण आहे ते बघायला हवं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की दोन किंवा तीन माणसं, ती सुद्धा ज्याच्यावर बेतलं त्याने निवडलेली, त्यांना खरं माहीत असावं. बाकीच्यांना 'तब्येत बरी नाही' पुरे. दादाच्या बाबतीत ती माणसं मी, त्याचा कंपनीतला एक मित्र, आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू. तिघं. पण एकही नसणं आणि तीन असणं यात किती फरक पडतो ते मावशीला विचारा, ती पहिले नऊ दिवस एकटी होती.

पोलिसांची भीती हा त्याच लपवण्याचा दुसरा भाग, आणि याबाबत अजूनही इतकं अज्ञान आहे की जरा सविस्तर लिहिते. इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेत ३०९ कलम घातलं, जीव द्यायचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत कैद. हे आलं कुठून? त्यांच्याकडे जुन्या काळी जीव देणाऱ्याची मालमत्ता जप्त व्हायची, चौकात पुरायचे. त्यांनी स्वतःचा कायदा १९६१ मध्ये काढून टाकला, आपण सांभाळून ठेवला. मुंबई हायकोर्टाने १९८६ मध्येच मारुती दुबळ यांच्या खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं. दुबळ पोलीस कॉन्स्टेबल होते, अपघातात डोक्याला मार लागल्यानंतर मानसिक आजार झालेला, बायकोला भाजीचा स्टॉल लावायची परवानगी मिळावी म्हणून महापालिकेत खेटे घालत होते आणि तिथेच त्यांनी तो प्रयत्न केला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने जे म्हटलं त्याचं सार असं की मनाने खचलेल्या माणसाला उपचार हवेत, तुरुंगाची कोठडी नको. पुढे सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये तसंच म्हटलं आणि १९९६ मध्ये ते फिरवलं, कलम परत जिवंत झालं. शेवटी २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमाने ठरलं की असा माणूस प्रचंड तणावाखाली होता असंच गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली त्यात ३०९ आलंच नाही. सरकारी माणसाच्या कामात दबाव आणण्यासाठी तसं केलं तर वेगळं कलम आहे, पण घरात रात्री गोळ्या घेणाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आणि ते 'पोलीस केस आहे, आम्ही घेत नाही'? १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्वच्छ सांगितलंय की डॉक्टर सरकारी असो की खाजगी, आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे सोपस्कार नंतर. दवाखाना एमएलसी करेल, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, हवालदार येऊन जबाब घेईल, ती नोंद असते, आरोप नसतो. उलट एखाद्या सुनेला घरात छळ होत असेल तर तिला खरं बोलायची ती एक संधी असू शकते, तेव्हा तिच्याजवळ सासरचं कोणी उभं नसेल एवढं बघा. या भीतीपायी लोक घरीच मीठ-पाणी पाजून उलटी काढत बसतात. ते करू नका. झोपू दे, उतरेल, असंही म्हणू नका, कारण काही अगदी साध्या, घराघरात असणाऱ्या गोळ्यांनी पहिला दिवस माणूस ठीकठाक दिसतो आणि आत लिव्हर खराब होत असतं, ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. १०८ ला फोन करा, रिकामी पाकिटं बरोबर घ्या, आणि माणूस कितीही म्हणाला की मी बरा आहे तरी न्या.

दुसरा मुद्दा सगळ्यात जास्त ऐकू येतो. लाड केले तर सवय लागेल. यात खरं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. काही घरांत अशी धमकी वर्षानुवर्षं चालते, बायको माहेरी निघाली की धमकी, पैसे दिले नाहीत की धमकी, आणि सगळं घर ओलीस धरल्यासारखं जगतं. त्या घरातल्या लोकांना 'प्रेम द्या' म्हणणं हा त्यांच्यावर अन्यायच आहे. धमकीपुढे प्रत्येक वेळी मान तुकवणं म्हणजे आधार नव्हे, हे मान्य. पण त्यावरून वाचलेल्या प्रत्येकाला नाटकी ठरवायचं? आधी एकदा प्रयत्न केलेला असणं ही पुढच्या धोक्याची सगळ्यात मोठी खूण आहे, हे या विषयातले डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगतात. आणि दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे, पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक. नेमके तेव्हाच आपण म्हणतो, आता काय, डिस्चार्ज मिळाला, झालं.

लक्ष दिल्याने सवय लागते की माणूस वाचतो, हे तपासून बघितलेलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी एक साधी गोष्ट केली. दवाखान्यातून गेल्यावर पुढचे उपचार नको म्हणणारे, तुटून गेलेले ८४३ लोक, त्यातल्या जवळपास निम्म्यांना आधी दर महिन्याला, मग काही महिन्यांच्या अंतराने दोन ओळींचं पत्र. तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, लिहावंसं वाटलं तर लिहा, बस. उपदेश नाही, अपॉइंटमेंटची आठवण नाही. ज्यांना पत्रं गेली त्यांच्यात मृत्यू कमी झाले, आणि फरक सगळ्यात ठळक होता पहिल्या दोन वर्षांत. ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलला तर गोळ्या किंवा विष घेऊन आलेल्या लोकांवरच हे करून बघितलं, वर्षभरात आठ पोस्टकार्डं. तिथे खरं सांगायचं तर पुन्हा प्रयत्न करणाऱ्या माणसांची संख्या फारशी घटली नाही, पण पुन्हा दवाखान्यात यायच्या एकूण वेळा जवळपास निम्म्यावर आल्या. आणि हे गोऱ्यांचं झालं असं कोणी म्हणेल तर डब्ल्यूएचओने चेन्नई, कोलंबो अशा पाच देशांतल्या ठिकाणी १,८६७ लोकांबरोबर असंच काम केलं, सुरुवातीला एक तासभर नीट बोलणं आणि पुढे दीड वर्षात फोन किंवा भेट, नऊ वेळा. ज्यांना हे मिळालं त्यांच्यात आत्महत्येने गेले ०.२ टक्के, ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यात २.२ टक्के.

सगळ्या अभ्यासांत इतका मोठा फरक दिसत नाही, पोस्टकार्ड म्हणजे काही औषध नव्हे. पण सवय लागते, बिघडतात, असं तरी कुठे दिसलं? यातली खुबी मला वाटते ती अशी की ही पत्रं त्या माणसाने काही केलं म्हणून येत नव्हती, ती ठरलेल्या दिवशी येत होती. लाड आणि सोबत यातला फरक तोच आहे. गोळ्या घेतल्या त्या रात्री पंचवीस माणसं धावली आणि पुढच्या महिन्यात कोणी फोन केला नाही, तर आपणच त्याला शिकवतो की माणसं फक्त तेव्हाच येतात. त्यापेक्षा सहाव्या आठवड्यातल्या मंगळवारी, काही झालेलं नसताना, सहज चहाला जा. मी दादाला दर गुरुवारी रात्री साडेनऊला फोन करते. क्रिकेट, पोरगी, पाऊस, काहीही. तो पहिले दोन महिने हं हं करायचा फक्त. एका गुरुवारी मी प्रवासात होते, रेंज नव्हती, तर दहाला त्याचा मेसेज, आज काय झालं तुला.

तिसरा मुद्दा गोळ्यांच्या कुलपाचा. ज्याला करायचंच आहे तो कसाही करेल, कुलुपं लावून काय होणार, असं शिकलेली माणसंही म्हणतात. ऐकायला पटतं. पण खरं नाही. तो क्षण बहुतेकदा थोडा वेळच टिकतो आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर फार अवलंबून असतं. इंग्लंडमध्ये १९९८ मध्ये एका नेहमीच्या वेदनाशामक गोळीची पाकिटं कायद्याने लहान केली, दुकानात एका वेळी कमी गोळ्या मिळायला लागल्या. लोक तेव्हाही हसले असतील, दोन दुकानांत जाऊन घेईल ना कोणी. पुढच्या अकरा वर्षांत इंग्लंड आणि वेल्समध्ये त्या गोळीने होणारे मृत्यू सुमारे ४३ टक्क्यांनी घटल्याचा हिशोब निघाला. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकं एकेक करत बंद केली, १९९५ च्या सुमाराला तिथला आत्महत्येचा दर जगातल्या सगळ्यात वरच्या दरांपैकी होता, पुढच्या दोन दशकांत तो निम्म्याहून खूप खाली आला. आपल्या विदर्भ-मराठवाड्याला हे उदाहरण दुसऱ्या कोणापेक्षा जवळचं आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

घरापुरतं म्हणाल तर हे करायला काही लागत नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरात तो एक डबा असतो, बिस्किटाचा जुना पत्र्याचा नाहीतर आईस्क्रीमचा रिकामा, त्यात चार वर्षांपूर्वीच्या अर्ध्या स्ट्रिप्स, आजोबांच्या उरलेल्या झोपेच्या गोळ्या, खोकल्याच्या चिकट बाटल्या. तो उपसा. मुदत संपलेलं, नको असलेलं बाहेर काढा. घरातल्या म्हाताऱ्यांच्या रोजच्या गोळ्या कुलपात, आणि आठवड्यापुरत्याच आणा, केमिस्टला सांगितलं तर तो देतो तशा. दादाला सुरू केलेल्या गोळ्यासुद्धा डॉक्टरांनी स्वतःच आठवड्याच्या लिहून दिल्या होत्या. मावशीने गोदरेजच्या कपाटात सगळं ठेवलं आणि किल्ली कमरेला अडकवली. मी त्याला विचारलं होतं, अपमान वाटतो का रे याचा. तो म्हणाला पहिले आठ दिवस वाटला, मग सुटल्यासारखं वाटलं, रोज रात्री तो एक विचार तरी कमी करावा लागत होता.

राहिला चौथा मुद्दा, आणि तो सगळ्यात वजनदार आहे, याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही हे मान्य करते. घरच्यांनीच जर तिला तिथवर नेलं असेल तर त्या घरच्यांना कसला आधार? हुंड्यासाठी छळ, मारहाण, संशय, मुलीने जातीबाहेर लग्न करायचं म्हटलं म्हणून कोंडून ठेवणं, हे सगळं आपल्या आजूबाजूला आहे. अशा ठिकाणी बरं करून पुन्हा त्याच घरात पाठवणं म्हणजे आधार नाहीच. तिथे पहिलं काम तिला त्या घरातून बाहेर काढणं, माहेर, मैत्रीण, जिथे सुरक्षित वाटेल तिथे. ती काय म्हणते हे तिला एकटीला विचारल्याशिवाय कुटुंब कुटुंब करत बसू नये.

पण लग्नाच्या टेबलावर बसून आपण जे करतो ते यातलं नसतंच. आपण काहीही माहीत नसताना खटला चालवतो. आणि कारण म्हणून जे एक वाक्य आपण शोधतो, मार्क कमी पडले, बायकोशी भांडण झालं, कर्ज होतं, ते बहुतेकदा शेवटची काडी असते, ओझं आधीपासूनचं असतं. दादाच्या बाबतीत नोकरीतला त्रास होता, तीन वर्षांची झोप नव्हती, नंतर कळलं की डिप्रेशन होतं आणि तो ते ॲसिडिटी म्हणून घालवत होता. कोणाला दोषी धरायचं होतं यात? वहिनीला लोकांनी धरलंच. सिव्हिलच्या कॉरिडॉरमध्ये, तो आत आयसीयूत असताना, एक नातेवाईक बाई तिला म्हणाल्या, तुझ्या लक्षात कसं आलं नाही गं. वहिनी आजही रात्री दोनला उठून त्याचा श्वास बघते. ते एक वाक्य तिला किती वर्षं पुरणार आहे?

आणि घर म्हणजे कोण हे तरी आपण बघतो का. मावशी, एकाहत्तर वर्षांची, तो आंघोळीला गेला की बाथरूमच्या बाहेर स्टूल टाकून बसायची, आत पाण्याचा आवाज येतोय तोवर ठीक, आवाज थांबला की दारावर टकटक. वहिनीने ऑफिसला अकरा दिवस सुट्टी टाकली, बारावा दिवस बिनपगारी. मुलगी शाळेतून आली की आधी बाबा कुठे आहे बघायची, मग चप्पल काढायची. मुलांना काही कळत नाही हा मोठ्यांनी काढलेला गैरसमज आहे, त्यांना सगळं कळतं फक्त शब्द नसतात. वहिनीने शेवटी तिला सांगितलं की बाबाच्या मनाला आजार झाला होता, त्यात त्याने चुकीचं औषध घेतलं, आता डॉक्टर बरं करतायत आणि यात तुझी काही चूक नाही. तिने विचारलं, मी त्या दिवशी हट्ट केला होता रंगपेटीसाठी, म्हणून नाही ना. हे तिने किती दिवस पोटात ठेवलं होतं कोण जाणे.

या घराला उपदेश नको होता. काम उचलायला माणूस हवा होता. समोरच्या काकूंनी काय केलं, तर त्यांना कळल्यावर पहिल्या दिवशी स्टीलचा तीन पुडाचा डबा आणून ओट्यावर ठेवला, आमटी, भात, बटाट्याची भाजी, आणि म्हणाल्या डबा कधीही द्या, घाई नाही. का, कसं, केव्हा, एक शब्द नाही. दुसऱ्या दिवसापासून मुलीला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडायला लागल्या. आठवड्यातून दोनदा दुपारी येऊन टीव्हीसमोर बसायच्या, म्हणजे मावशी दोन तास झोपू शकायची. मी स्वतः फार हुशारीने वागले असं नाही, मी पहिल्या भेटीत दादाला म्हटलं होतं, अरे तुझ्या लेकीचा तरी विचार करायचास. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. तो त्याच विचाराने आधीच मेल्यासारखा झाला होता.

विचारायचं असेल तर सरळ विचारा. परत तसे विचार येतात का? असं विचारल्याने ते डोक्यात शिरतं ही समजूत चुकीची आहे, उलट कोणीतरी न घाबरता विचारतंय याने माणूस मोकळा होतो. 'येतात' म्हणाला तर लेक्चर देऊ नका, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्र असेल, डॉक्टर मिळत नसतील तर १४४१६ वर टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं, आणि नातेवाईकांनी स्वतःसाठी केला तरी चालतो. वहिनीने केलाय, पहाटे तीनला, किचनमध्ये उभं राहून.

सरकारने करावं, यंत्रणा हवी, हे सगळं मलाही मान्य आहे. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ माणसं आत्महत्येने गेली, त्यातली २२,७४६ एकट्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. वाचलेले किती, त्याचा धड हिशोब कुठे नाही, पण ते याच्या कितीतरी पट असतात. प्रत्येक सिव्हिलला गोळ्या घेऊन आलेल्या माणसाला सोडण्याआधी मानसोपचाराचा डॉक्टर भेटलाच पाहिजे आणि पंधरा दिवसांनी दवाखान्यातून फोन गेलाच पाहिजे, कायदा पुनर्वसन म्हणतो तर हे त्यातलं अगदी किमान आहे, आणि त्यासाठी भांडायलाच हवं. पण ते होईपर्यंत त्या घरातली आमटी कोण करणार?

दादा कामावर परत जातोय, अर्धा पगार कमी आहे पण झोप येते. काकूंचा डबा मावशीने तीन आठवड्यांनी परत दिला, रिकामा द्यायचा नाही म्हणून चकल्या भरून, आणि तो द्यायला दादा स्वतः गेला. गोदरेजची किल्ली अजून मावशीच्या कमरेला आहे. ती काढायची कधी हे तिला कोणी सांगितलेलं नाही, आणि तिला विचारायची भीती वाटते. पुढच्या ओपीडीला मी बरोबर जाणार आहे, डॉक्टरांना विचारायचं दादानेच कबूल केलंय.